काठाकाठाने

कालव्याला पाणी सुटलं की माझ्या पोटऱ्यांना आधी कळतं. सिंहगड रस्त्यावरून आत वळून, छोटा चढ चढून कॅनॉलच्या कडेला आलं की गुडघ्याखाली एक ओला गारवा लागतो. डिसेंबरातली पहाट, अजून नीट उजाडलेलं नसतं, पाणी दिसत नसतं. तरी ते आहे हे पक्कं. कालवा कोरडा असतो तेव्हा हाच रस्ता धुळीचा आणि शेवाळाच्या वाळक्या वासाचा असतो.

बातमी आदल्या आठवड्यातच छापून आलेली असते. कालवा सल्लागार समितीची बैठक झाली, रब्बीचं आवर्तन, म्हणजे शेतीसाठी कालव्यात पाणी सोडण्याची पाळी, अमुक तारखेपासून. पुण्यातल्या बहुतेकांसाठी ती वाचून पुढे जाण्याची बातमी. आमच्या घरात मात्र ‘आवर्तन’ हा शब्द सणासारखा होता. आवर्तन सुटलं की अण्णा घरी नसत.

अण्णा, माझे वडील, याच मुठा उजव्या कालव्यावर पाटकरी होते. शहरातल्या भागात नव्हे, हडपसरच्या पुढे, लोणी काळभोरच्या अंगाला. पाटकरी म्हणजे पाणी वाटणारा माणूस. कुठल्या चारीला किती वाजता पाणी द्यायचं, कुणाचं दार किती वेळ उघडं ठेवायचं, कुणाचा सात नंबरचा फॉर्म, म्हणजे पाणीमागणीचा अर्ज, भरलेला आहे आणि कुणी रात्री गुपचूप दार वर केलं आहे, हे सगळं त्याला ठाऊक असावं लागतं. शेजपाळीची, म्हणजे कुणाची पाळी कधी याची, वही त्यांच्या पिशवीत असे. रस्त्याने जाताना शेतकरी बांधावरून हाक मारत, ‘‘अण्णा, आमची पाळी कवा?’’ आणि अण्णा सायकल न थांबवता वार आणि वेळ सांगत. वही काढून बघताना मी त्यांना फारसं पाहिलं नाही.

सायकल चोवीस इंची, काळी. कॅरिअरला जुन्या ट्यूबच्या पट्ट्याने एक खोरं बांधलेलं, हँडलला कापडी पिशवी. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आधी, तिचं ओव्हरऑइलिंग व्हायचं आणि चाकांचा आउट काढला जायचा. तेवढे दोन दिवस ते पायी जात आणि चिडचिडे असत.

ते सायकल फार हळू चालवत. लहानपणी मला वाटायचं, त्यांना जोरात चालवता येत नाही. पुढे कळलं की त्या हळू चालवण्यातच त्यांची नोकरी होती. कालव्याच्या भरावावरून जाताना त्यांचं लक्ष पाण्याकडे कमी आणि भरावाच्या बाहेरच्या उतारावर जास्त असे. तिकडे गवत एखाद्याच ठिकाणी जास्त हिरवं दिसलं की थांबायचं. खाली उतरायचं, हात लावायचा. भराव मातीचा, त्यात घुशी बिळं करतात, खेकडे भोकं पाडतात, झाडांची मुळं कुजून पोकळी राहते, आणि पाणी त्यातून वाट शोधतं. पाणी झिरपतंय एवढ्यावरून ते घाबरत नसत. झिरपणारं पाणी ओंजळीत घेऊन उजेडाकडे धरत.

‘‘निवळ असलं तर कालव्याला घाम आलाय म्हणायचं,’’ ते सांगत. ‘‘गढूळ असलं तर आतनं माती चाललीय. मग जेवायलासुद्धा थांबायचं नाही.’’

पुढे एका इंजिनिअर ओळखीच्यांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले की मातीच्या धरणांवरही हेच पाहतात, याच क्रमाने. अण्णांचं शिक्षण सातवीपर्यंतचं.

मी सायकल शिकले तीही त्याच भरावावर. एका हाताला भरून वाहणारा कालवा, दुसऱ्या हाताला बाभळी. माझे पाय सीटवरून पोचत नव्हते, म्हणून नळीखालून पाय घालून, अंग एका बाजूला लटकवून चालवायची. अण्णांनी मागून धरलं नाही, धावलेही नाहीत. फक्त एक नियम सांगितला, ‘‘पडायचं झालं तर बाभळीकडं पड. काटे काढता येतात.’’ त्या आठवड्यात आईने सुईने माझ्या दंडातले आणि गुडघ्यातले किती काटे काढले असतील याची गणती नाही. पाण्याकडे मात्र एकदाही गेले नाही.

मग शाळा, कॉलेज, लग्न, पुण्यात घर, बँकेतली नोकरी. मधली तीसेक वर्षं सायकल नाही. स्कूटर होती. शहरात पाणी नळाला येतं आणि नदी पुलावरून दिसते, नाकाला रुमाल लावून. बाकी कुठे पाणी आहे हे विचारायची गरज पडली नाही.

लॉकडाऊन उठल्यावर मुलीने हौसेने गिअरची सायकल घेतली, आणि वर्षभरात नोकरीसाठी बंगळूरला गेली. सायकल पार्किंगमध्ये खांबाला टेकून उभी. एका सकाळी तिच्यावरची धूळ पुसली, हवा भरून आणली आणि सहज निघाले. पर्वतीपासून सिंहगड रस्त्याने गेले. गाड्यांची गर्दी सुरू झाली तशी घाबरून डावीकडच्या गल्लीत शिरले, आणि गल्लीच्या टोकाला कॅनॉल होता. तोच. पाणी भरलेला, संथ, चहाच्या रंगाचा. मी सायकल स्टँडवर लावली आणि बराच वेळ तिथे उभी राहिले. मी राहत होते तिथून हा दीड-दोन किलोमीटरवर होता, आणि एवढ्या वर्षांत मी त्याला एकदाही भेटायला गेले नव्हते.

त्या दिवसापासून रविवारची सकाळ सायकलची. जमलं तर बुधवारचीही.

कालव्याच्या कडेने सायकल चालवणं सोपं का जातं, हे कळायला मला काही महिने लागले. पुणं हे चढउतारांचं गाव आहे. कुठल्याही पेठेतून निघा, नदीकडे उतार आणि नदीपासून चढ. स्कूटरवर ते जाणवत नाही, सायकलवर प्रत्येक चढ मांड्यांत मोजला जातो. कालवा मात्र डोंगराच्या अंगाला एकाच पातळीत, कडेकडेने फिरतो. तळजाई-पर्वतीच्या टेकड्या जिथे आत वळतात तिथे तोही आत वळतो, जिथे बाहेर येतात तिथे तोही बाहेर. त्याला जो उतार आहे तो पाणी चालतं राहण्यापुरता, डोळ्यांना न दिसणारा. ही पातळी ज्यांनी शोधली ते दीडशे वर्षांपूर्वी दुर्बिणी आणि पट्ट्या घेऊन या डोंगरांच्या पायथ्याने चालले असतील. छप्पन्न वर्षांच्या बाईचे गुडघे आज त्यांच्या मोजणीच्या जोरावर चालतात, याचं मला प्रत्येक वेळी नवल वाटतं.

खडकवासल्याचं दगडी धरण एकोणिसाव्या शतकातलं, १८७९च्या सुमारास पूर्ण झालेलं. त्याच्या उजव्या अंगाने हा कालवा निघतो. आज वरच्या खोऱ्यांत आणखी तीन धरणं आहेत: आंबी नदीवर पानशेत, मोशीवर वरसगाव आणि मुठेवर टेमघर. चारही मिळून साठा २९.१५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, आणि त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम १.९७. जुलै उजाडला की हे आकडे सगळ्या पुण्याला तोंडपाठ होतात. वरची तीन म्हणजे परसातले रांजण, आणि खडकवासला ओट्यावरची घागर. घागर लहान, पण घरात येणारं सगळं पाणी तिच्यातूनच येतं.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. सिंहगड रस्त्याने शहराकडे यायला लागलात की डाव्या हाताला खाली मुठा नदी आहे आणि उजव्या हाताला वर, टेकडीच्या पायथ्याने, कालवा. दोन्हींच्या मध्ये एक रस्ता, दुकानं, सोसायट्या. दोन्ही एकाच धरणातून निघालेले. पावसाळ्यात धरण भरून सांडवा सोडला की नदीतही पाणी येतं. बाकी वर्षभर धरणाचं पाणी एक तर बंद जलवाहिनीतून शहराला येतं, नाही तर कालव्याने शेतीकडे जातं. नदीत उरतं ते आपण वापरून सोडलेलं.

म्हणजे मुठेचं पाणी मुठेत नाही. ते वरच्या अंगाने, कालव्यातून चाललेलं असतं.

हे मी कुठे वाचलेलं नव्हतं. वाचलं असतं तरी विसरले असते. एका सकाळी कालव्याच्या कडेने विठ्ठलवाडीपर्यंत आले, तिथे सायकल उतारावरून सोडली आणि मंदिराच्या मागे नदीकाठी गेले. वर गारवा होता, निवळ ओला वास होता. खाली आठ-दहा मिनिटांत वास बदलला, पाण्याचा रंग बदलला, अंगावर चिलटं आली. विठ्ठलवाडीचा विठोबा नदीच्या काठाशी उभा आहे, आषाढीला इथे मोठी गर्दी असते, लोक याला प्रति पंढरपूर म्हणतात. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. देवळाच्या पायरीवर एक आजी तांब्यात पाणी घेऊन बसल्या होत्या. पाणी त्यांनी घरून आणलं होतं.

कालवा आणि नदी यांच्या मध्ये, कालव्याला लागून, पु. ल. देशपांडे उद्यान आहे. पुणे आणि जपानमधलं ओकायामा यांच्या मैत्रीचं प्रतीक म्हणून उभं राहिलेलं, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवरचं. आत दगडांतून खळाळणारं पाणी, लाकडी पूल, रंगीत मासे. सायकल बाहेर लावून मी तिथे तासभर बसते. हिरवळीवर पाय ठेवायला मनाई आहे, म्हणून लोक कडेकडेने फिरतात, आणि त्यामुळे त्या बागेत एक शांतता आहे जी शहरातल्या इतर बागांत नाही. शहरात पाणी निवळ राहू शकतं, माणसं त्याच्याशी हळू वागू शकतात, हे तिथे दिसतं. त्यासाठी रोज झाडणारे, गाळ काढणारे हात लागतात, तेही तिथे सकाळी सकाळी दिसतात.

त्याच कालव्याच्या कडेने पर्वतीकडे यायला लागलं की जनता वसाहत लागते. टेकडीच्या उतारावर घराला घर टेकलेलं. २७ सप्टेंबर २०१८च्या सकाळी इथे कालव्याची भिंत फुटली आणि पाणी दांडेकर पुलाकडे घरांतून, गल्ल्यांतून उतरलं. ऊन होतं, पाऊस नव्हता. चुलीवर भाजी टाकलेल्या बायकांनी दारातून लोंढा येताना पाहिला. कितीतरी घरांतला सगळा संसार त्या दोन-तीन तासांत वाहून गेला.

अण्णा तेव्हा माझ्याकडे होते, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. टीव्हीवर दिवसभर तेच दाखवत होते. घुशी आणि खेकड्यांनी भराव पोखरला, असं कारण पुढे आलं तेव्हा लोक हसले. अण्णा हसले नाहीत. ‘‘घुशी कायमच असतात,’’ ते म्हणाले, ‘‘त्यांची बिळं रोज बुजवायची असतात.’’ मग बराच वेळ गप्प बसून म्हणाले, ‘‘कालव्याला रोज माणसाचा पाय लागला पाहिजे.’’ त्या रात्री ते जेवले नाहीत.

त्यांच्या आयुष्यात याच्याआधी एकदा हा कालवा असा अचानक रिकामा झाला होता. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, त्याच्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं, आणि पुण्यातल्या पेठा पाण्याखाली गेल्या. ती गोष्ट पुण्याच्या प्रत्येक घरात सांगितली जाते: लकडी पूल, नारायण पेठ, शनिवार पेठ, वाड्यांच्या भिंतींवर राहिलेल्या चिखलाच्या रेघा. अण्णा सांगत ती उलटी गोष्ट होती. शहर बुडालं तेव्हा आमच्या गावाकडे कालवा कोरडा पडला. घागरच फुटली, तर पुढे पाणी कुठून येणार. ऊस उभा वाळताना त्यांनी पाहिला. ते एकवीस वर्षांचे होते. पुढे कालव्याचं काम निघालं तेव्हा ते रोजंदारीवर, हजेरीपटावर लागले, आणि मग कायम झाले. एकाच दिवसाने कुणाला काय दिलं आणि कुणाचं काय नेलं, हा हिशेब त्यांना शेवटपर्यंत अवघड वाटे. पगाराचा विषय निघाला की कधी कधी ते म्हणत, पुराने मला नोकरी दिली, आणि मग ओशाळून विषय बदलत.

पर्वतीच्या पायथ्याशी सायकल कालवा सोडते आणि आपोआप सारसबागेकडे उतरते. पेडल मारावं लागत नाही. हा उतार कुठला, याचा विचार केलात तर उत्तर जमिनीतच आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात आंबिल ओढा अडवून इथे तळं केलं होतं. मधल्या बेटावरचा गणपती म्हणून तो तळ्यातला गणपती. पुढे तळं कोरडं झालं, बाग झाली. आता तळ्याच्या तळाशी मुलं फुगे घेऊन धावतात, आणि आपण देवळाच्या पायऱ्या चढतो म्हणजे खरं तर बेटावर चढतो. सायकलच्या चाकाला तो खड्डा अजून आठवतो. आंबिल ओढ्यालाही आठवतो. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत तो आपल्या जुन्या जागेच्या शोधात घरांतून शिरला, माणसं गेली. कालवा फुटल्याला वर्ष व्हायला दोनच दिवस उरले होते, आणि पुन्हा तोच दांडेकर पूल. मी तेव्हा अजून सायकल चालवायला लागले नव्हते. आज त्या ओढ्यावरच्या लहानशा पुलांवरून जाताना मी थांबून दोन्हीकडे बघते. पात्र किती अरुंद केलं आहे ते वरून, गाडीच्या काचेतून समजणारच नाही.

नदीकडची फेरी वेगळी. तिकडे मी एकटी जात नाही, आमच्या सोसायटीतल्या दोघी बरोबर असतात. डेक्कनला नदीपात्रातल्या रस्त्याला उतरायचं, भिडे पुलाशी थांबायचं. भिडे पूल पाण्याखाली गेला की पुण्यात पावसाळा खरा सुरू झाला असं मानतात, इतका तो पाण्याच्या जवळ आहे. उन्हाळ्यात याच पुलावरून सायकल नेताना नदी हाताच्या अंतरावर असते. वर मेट्रोचे खांब, शेजारी ओंकारेश्वर. पुढे नवा पूल, १९२३ सालचा, शंभर वर्षं उलटली तरी नवाच. माणसं नावं बदलायला तयार नसतात, याचं मला बरं वाटतं.

वास असतो, नाही म्हणत नाही. पण पाखरांनी नदी सोडलेली नाही. हिवाळ्यात सकाळी काठाच्या गाळात शेकाट्या लांब लाल पायांवर टिपत फिरतात. वंचक दगडासारखा बसलेला असतो आणि उडाला की एकदम पांढरा होतो. टिटव्या ओरडून आम्हाला हाकलतात. हळदी-कुंकू बदकांची जोडी कधी कधी म्हात्रे पुलाच्या अलीकडे दिसते. त्यांना चांगली नदी परवडत नाही म्हणून ती इथे आहेत असं कुणी म्हणेल, पण मी त्यांच्याकडे तसं बघू शकत नाही. ती आली आहेत, दरवर्षी येतात. एवढं पाहूनच मी घरी येते.

संगमावर मुळा येऊन मिळते. तिच्याबरोबर पवनेचं पाणी, राम नदीचं पाणी. तिथून पुढे बंडगार्डनपर्यंत नदीचं रूप पालटतं. बंधाऱ्यामुळे पाणी तुंबून रुंद होतं. हा बांध सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून उभा राहिला, शहराला पाणी मिळावं म्हणून. शेजारचा जुना कमानींचा पूल आता गाड्यांना बंद आहे. त्याच्यावर उभं राहिलं की खाली, जलपर्णीचा हंगाम असेल तर, नदीऐवजी हिरवं शेत दिसतं. पलीकडे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याची झाडी. पुणे शहरात एवढी दाट, बेशिस्त झाडी नदीकाठी फार थोड्या ठिकाणी उरली आहे.

नदीकाठ सुधारण्याचं काम चाललं आहे. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटर, मार्च २०२२मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. काठावर माणसांना चालता यावं, सायकल नेता यावी, हे मला हवंच आहे, त्याच्यासाठी तर मी पहाटे उठते. पण काठ बांधून काढताना वाळुंज, करंज, उंबर जातात, आणि उतारावरची माती जाते, तेव्हा मला अण्णांच्या हाताची आठवण होते. काठ कुठे पाझरतो, कुठे श्वास घेतो, हे त्यांना मातीला हात लावून कळत होतं. एप्रिल २०२३मध्ये झाडांसाठी पुणेकरांनी चिपको मोर्चा काढला, त्यात मी सायकल हातात धरून चालले होते. बाजूला एक तरुण मुलगी होती, तिच्या हातात वाळुंजाची एक फांदी, वाऱ्याने पडलेली. ती म्हणाली, ‘‘काकू, हे झाड तुम्हाला ओळखता येतं?’’ मला येत नव्हतं. तिने मला शिकवलं. आता मला नदीकाठी प्रत्येक वाळुंज दिसतो.

सायकलींचं शहर म्हणून पुण्याचं नाव होतं. कारखान्यांच्या फाटकांतून कामगारांचा, कॉलेजांतून मुलामुलींचा लोंढा सायकलींवरून बाहेर पडायचा, ते मी लहानपणी पाहिलेलं आहे. २०१७मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला, त्याच सुमारास भाड्याच्या रंगीत सायकली चौकाचौकांत आल्या, आणि दोनेक वर्षांत दिसेनाशा झाल्या. याबद्दल लिहायला लागले तर थांबणार नाही. एवढंच म्हणते की रस्त्याच्या कडेला पट्टा रंगवून सायकल येत नाही. कालव्याची ही सपाट, झाडांची, शहराच्या पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारी कड आपल्याकडे तयार पडलेली आहे. जिथे ती सलग आहे तिथे सकाळी म्हातारी माणसं चालतात, शाळेची मुलं सायकलवर जातात, कुणी सांगावं लागत नाही. जिथे कचरा टाकलेला आहे, भिंत घातलेली आहे, तिथे रस्ता तुटतो आणि आपण पुन्हा गाड्यांत जाऊन पडतो. पर्वती ते हडपसर एवढ्यात मला सात-आठ वेळा कालवा सोडावा लागतो. मध्ये एम्प्रेस गार्डनजवळ पुन्हा तो भेटतो, मोठ्या झाडांच्या सावलीत, जुन्या मैत्रिणीसारखा.

वर्षातून दोनदा, आवर्तन सुरू असताना, मी पुढे जाते. हडपसर ओलांडून, लोणीच्या दिशेने. जाऊन येऊन चाळीस किलोमीटरच्या वर होतात, आदल्या रात्री गुडघ्यांना तेल लावते, पंक्चरचं सामान बरोबर घेते, कारण बाभळी अजून आहेत आणि त्यांचे काटे तेव्हाइतकेच चांगले आहेत.

तिकडे एक गोष्ट कळली जी अण्णांच्या काळात नव्हती. मुंढव्याला नदीतून पाणी उचलतात, शहराने वापरून, शुद्ध करून सोडलेलं, आणि ते जुन्या कालव्यात टाकतात. लोक त्याला बेबी कॅनॉल म्हणतात. म्हणजे जे पाणी खडकवासल्याला नदीपासून वेगळं झालं, शहरातून फिरून नदीत गेलं, ते पुन्हा कालव्यात येऊन शेतात जातं. आणि नदी पुढे रांजणगाव सांडसला भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते, उजनीचा फुगवटा इंदापूर तालुक्यात पसरतो. आमचा कालवा दोनशे किलोमीटरच्या घरात चालून त्याच इंदापूर तालुक्यात संपतो. खडकवासल्याला ताटातूट झालेली दोन पाणी तिथे पुन्हा एका शिवारात येतात. मी तिथवर सायकलने गेलेले नाही. जायचं आहे.

गेल्या डिसेंबरात अण्णांच्या चौकीपाशी थांबले. पत्रे बदललेत, अंगणातलं चिंचेचं झाड तेच. बाहेर मोटारसायकल, आणि तिशीतला एक मुलगा, हातात मोबाइल, कॅरिअरला खोरं. मी ओळख सांगितली. त्याने अण्णांचं नाव ऐकलेलं नव्हतं, पण पाटकऱ्याची मुलगी म्हटल्यावर खुर्ची आणून दिली. ‘‘ताई, पूर्वी या लांबीला तिघं होते म्हणत्यात. आता मी एकलाच. गाडीवरनं फिरतो. रोज सगळं होत न्हाई.’’ त्याने नंबर दिला, मी माझा दिला.

तिथून दोनेक किलोमीटर पुढे गेले असेन. ऊन चढलं होतं, भरावावर सायकलची सावली बाहेरच्या उतारावर पडत होती. तिच्याकडे बघत चालवत होते म्हणूनच ते दिसलं असेल. एका ठिकाणी, हातभर रुंद, गवत जास्त हिरवं. मी थोडी पुढे गेले आणि मग ब्रेक लावला.

सायकल आडवी ठेवली, बाभळीला धरत खाली उतरले. माती ओली होती, चप्पल रुतली. एका दगडाखालून पाणी येत होतं, बोटाएवढं, आवाज नसलेलं. ओंजळ धरली. भरायला वेळ लागला. मग उजेडाकडे धरली, आणि माझ्या तळहाताच्या रेषा पाण्यातून स्वच्छ दिसल्या.

वर येऊन त्याला फोन लावला. किलोमीटरचा दगड सांगितला, बाभळीची खूण सांगितली.

‘‘निवळ हाय का?’’ त्याने पहिलं हेच विचारलं.

‘‘निवळ आहे.’’

‘‘मग संध्याकाळच्याला बघतो. उद्या सकाळी परत बघतो.’’ थोडं थांबून म्हणाला, ‘‘ताई, तुम्ही परत कवा येणार?’’

मी पुढच्या रविवारची वेळ सांगितली.